पॅराकॉर्डचा कुबट वास जात नाही, वाळून काडीसारखी कडक होते: पुन्हा धुवायच्या आधी हे तपासा

जुलै उजाडला की पॅराकॉर्डच्या, म्हणजे नायलॉनच्या बारीक दोरीने विणलेल्या, ब्रेसलेट-पट्ट्यांबद्दल माझ्याकडे त्याच त्या तक्रारी येतात. ब्रेसलेट धुतलं, दोन दिवस बरं होतं, तिसऱ्या दिवशी लोकलच्या गर्दीत हात वर धरला आणि ओल्या पायपुसण्यासारखा वास आला. चार दिवस गॅलरीत टांगलंय तरी हाताला गार आणि ओलसर लागतं. वाळलं तर इतकं कडक होतं की वाकवताना करकरतं. विणीच्या फटींत पांढरी भुकटी दिसते. बकल दाबलं तरी सुटत नाही, किंवा लावताना 'टक्' वाजत नाही. मागच्या वर्षी सैल होणारं ब्रेसलेट यंदा मनगटाला करकचतं. कुत्र्याच्या पट्ट्याला लव सुटलीय. मनगटावर पट्ट्याच्या आकाराची खाज उठलीय.

यातल्या पहिल्या चार तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं, आणि ते घाण हे नसतं. दोरी आतून वाळलेली नसते, नाहीतर आत मीठ किंवा साबण अडकलेला असतो. लोक मात्र वास आला की परत धुतात, परत अर्धवट वाळवतात, आणि आठवड्याने मला फोन करतात. मी भांडुपला राहतो. सह्याद्रीत भटकायच्या नादात दोऱ्या विणायला लागलो, आणि आता आमच्या बिल्डिंगमधल्या अर्ध्या किल्ल्या, बाटल्या आणि दोन कुत्रे माझ्या दोरीला बांधलेले आहेत. त्यामुळे दुरुस्तीही माझ्याच गळ्यात.

आधी दोरीची रचना डोक्यात बसू द्या, म्हणजे पुढचं पटेल. पॅराकॉर्ड म्हणजे मुळात पॅराशूटची दोरी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी पॅराशूटना ती असायची. सगळीकडे मिळते ती साधारण ४ मिलिमीटर जाडीची '५५०', म्हणजे ५५० पौंड, साधारण २५० किलो ताण सोसणारी. बाहेर विणलेली नायलॉनची खोळ आणि आत बहुधा सात पीळदार लडी. मनगटावरच्या साध्या कोब्रा विणीच्या ब्रेसलेटमध्ये अडीच ते तीन मीटर दोरी दाटीवाटीने बसलेली असते. किंग कोब्रा, म्हणजे विणीवर वीण, असेल तर त्याच्या दुपटीच्या आसपास. थोडक्यात, तुम्ही मनगटावर तीन मीटर वात गुंडाळून फिरताय. वातीत पाणी पटकन चढतं, उतरायला मात्र वेळ घेतं. त्यात नायलॉन स्वतःही थोडं पाणी शोषून घेतं.

पहिली तपासणी फुकटची: दोरी खरंच कोरडी आहे का? पेपर नॅपकिनची चौपदरी घडी करा, तिच्यात ब्रेसलेट ठेवा, वर खलबत्ता ठेवून पाच मिनिटं थांबा. नॅपकिनवर ओलीचा ठसा उठला तर धुण्याचा विचारच करू नका, थेट खाली वाळवण्याकडे जा. हाताने चाचपून कळत नाही, कारण वरची खोळ आधी वाळते आणि आतल्या लडी ओल्याच राहतात.

घरात स्वयंपाकाचा वजनकाटा असेल तर याहून सोपं. एप्रिल-मे मध्ये, उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशी, प्रत्येक वस्तूचं वजन करून कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवून ठेवा. माझं रोजचं ब्रेसलेट बकलासकट २३ ग्रॅम आहे. धुतल्यावर ते जेव्हा २४ च्या आत येतं तेव्हाच मी ते वाळलं म्हणतो. जुलैच्या दमट हवेत अर्धा-एक ग्रॅम वर राहणारच, त्याला इलाज नाही. पण २८ दाखवत असेल आणि हाताला कोरडं लागत असेल, तर हात खोटं बोलतोय.

दुसरी तपासणी वाटीभर पाण्याची. स्वच्छ वाटीत कोमट पाणी घ्या, ब्रेसलेट बुडवा आणि पाण्याखालीच पाच मिनिटं चांगलं मुडपून-दाबून काढा. पाण्याला फेस आला तर मागच्या धुण्यातला साबण आत आहे. फेस नाही, पण पाणी गढूळ झालं, तर मळ आहे. आता त्या पाण्याचे चार थेंब स्टीलच्या ताटलीत टाका, शेजारी नळाच्या साध्या पाण्याचे चार थेंब टाका, आणि दोन्ही वाळू द्या. तुमच्या थेंबांनी जास्त ठळक पांढरं कडं सोडलं, तर ते मीठ. घामाचं असेल नाहीतर समुद्राचं.

मिठाला मी इतकं महत्त्व देतो त्याला कारण आहे. मीठ हवेतलं पाणी ओढतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला काय होतं ते कोणत्याही घरात बघा. तसंच मीठ दोरीत असलं की दोरी पावसाळ्यात कधी वाळतच नाही, आणि डिसेंबरात तेच मीठ खडे धरून दोरी कडक करतं. गोराई किंवा अक्सा बीचवरून आलेली वस्तू 'पाण्यातूनच तर काढलीय, स्वच्छच आहे' म्हणून तशीच टांगायची, ही चूक मी स्वतः दोन वर्षं केली आहे.

मीठ किंवा साबण सापडला तर उपाय फक्त पाणी. साबण नाही. बादलीत कोमट पाणी घेऊन दहा मिनिटं भिजवा, दाबा, पाणी बदला. असं चार-पाच वेळा, फेस आणि कडं थांबेपर्यंत. पाणी मात्र पालिकेच्या नळाचं घ्या. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा वगैरे धरणांतून येणारं पाणी बऱ्यापैकी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आहे. बऱ्याच सोसायट्यांत फ्लशला आणि बाहेरच्या नळाला बोअरवेलचं पाणी असतं. त्या पाण्याने धुतलेल्या दोरीवर वाळल्यावर जी भुकटी दिसते तिला लोक बुरशी समजतात. आमच्या शेजारच्या विंगमधल्या एका मुलाचं ब्रेसलेट मी तीनदा धुऊन दिलं. चौथ्यांदा विचारलं तेव्हा कळलं, तो ते रोज पार्किंगमधल्या बाइक धुवायच्या नळाखाली धरायचा.

बकलाचं प्रकरण छोटं आहे. आत वाळू किंवा मिठाचा कण अडकलेला असतो. कोमट पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, खाचेत टूथपिक फिरवा, उघडझाप करत विसळा. खोबरेल घालू नका. दोन दिवस छान सरकतं, मग त्या तेलावर धूळ बसून पहिल्यापेक्षा घट्ट होतं. बकलाच्या पायाला पांढरी रेघ दिसली तर प्लास्टिक थकलंय, बकल बदला. स्टीलची कडी गंजली असेल तर तीही बदला. तो गंज काढायला जे लागतं ते दोरीला मानवत नाही.

तिसरी तपासणी पहिल्यांदाच गरम पाणी किंवा एखादं औषध वापरणार असाल तरच: दोरी नायलॉनची आहे का? बाजारात पॅराकॉर्ड म्हणून पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीनही विकतात. उरलेला इंचभर तुकडा पाण्याखाली दाबून त्यातली हवा काढा आणि सोडा. तरंगला तर पॉलिप्रॉपिलीन. ती १६० अंशांच्या पुढे वितळायला लागते आणि उन्हात लवकर ठिसूळ होते. बुडाला तर नायलॉन किंवा पॉलिएस्टर. त्यांच्यातला फरक जाळून बघता येतो, पॉलिएस्टर जास्त काळा धूर सोडते. पण धुण्यापुरतं 'बुडाला' एवढं कळलं तरी भागतं.

आता धुणं. इथवर आलात आणि पाणी गढूळ निघालं होतं, तरच. बादलीत कोमट पाणी, हाताला सुखावेल एवढंच गरम. त्यात अंगाच्या साबणाचा कीस किंवा लोकरीच्या कपड्यांचा पातळ साबण, चमचाभर. रिठ्याचं पाणीही उत्तम चालतं. वीस मिनिटं भिजवा, मऊ ब्रशने विणीच्या दिशेने घासा. आडवं घासलं की लव सुटते. नवी लाल किंवा गडद निळी दोरी वेगळी धुवा, पहिल्या एक-दोन धुण्यांत रंग सोडते. मशीनमध्ये घालायचंच असेल तर बकल लावून, जुन्या मोज्यात भरून, मोज्याचं तोंड बांधून.

वास तरी उरला तर लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा, अर्धा तास, मग परत साध्या पाण्याने खळबळून. व्हिनेगर घाला असं सांगणारे पुष्कळ आहेत. पातळ व्हिनेगरने नायलॉनचं लगेच काही बिघडत नाही, पण सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फेस बघत बसण्याला अर्थ नाही. दोघं एकमेकांना निकामी करतात आणि तुमच्या हाती खारट पाणी उरतं. म्हणजे परत मीठच.

ब्लीच नाही. क्लोरीन नायलॉनला पोखरतं, आणि दोरी वरून धडधाकट दिसत राहते. संडास-बाथरूमचं ॲसिड तर मुळीच नाही. पॉलिएस्टर निदान ॲसिडला बऱ्यापैकी तोंड देतं, नायलॉन देत नाही.

यानंतर खरं काम. मुंबईत दोरी धुवायला अर्धा तास लागतो आणि वाळवायला दीड दिवस, आणि सगळ्यांचं सगळं इथेच फसतं. धुतल्यावर हाताने पिळू नका, वीण तिरकी होते. जाड टॉवेलमध्ये गुंडाळा आणि टॉवेलवर चक्क उभे राहा. टॉवेलची बाजू बदलून परत एकदा. मशीनला ड्रायर असेल तर मोज्यात घालून फिरवा. बाहेर येणारं पाणी बघून तुम्हालाच आश्चर्य वाटेल. माझं २३ ग्रॅमचं ब्रेसलेट नळाखालून निघतं तेव्हा ४० च्या घरात असतं, टॉवेलनंतर तिशीच्या जवळ येतं. उरलेले सहा-सात ग्रॅम म्हणजे तो कुबट वास.

मग पंखा. गॅलरी नको. बाहेर पाऊस पडत असताना गॅलरीतली हवा आधीच पाण्याने भरलेली असते, ती दोरीतलं पाणी कुठून घेणार? खोलीत, पंख्याखाली, चारी बाजूंनी हवा लागेल असं हँगरला लटकवा. एसी असेल तर दारं लावून रात्रभर त्याच खोलीत ठेवा. ब्रेसलेट असेल तर मनगटाएवढ्या जाडीच्या बाटलीभोवती लावून वाळवा. नायलॉन ओलं असताना ताणलं जातं आणि वाळताना आखडतं, करकचणाऱ्या ब्रेसलेटचं कारण तेच. बाटलीवर वाळलं की माप टिकतं. दर सहा तासांनी बाटलीवर फिरवा, नाहीतर आतली बाजू ओली राहते. पावसाने उघडीप दिली तर तासभर ऊन द्या, छानच. पण ऊन चांगलं म्हणून महिनाभर खिडकीच्या गजाला टांगून ठेवू नका. उन्हाने रंग तर जातोच, नायलॉनही हळूहळू कमजोर होतं.

इस्त्री, तवा, गॅसची आच, जवळून हेअर ड्रायर यातलं काहीही नको. माझ्या ट्रेकच्या मित्राने राजमाचीला निघायच्या आदल्या रात्री कीचेनवर इस्त्री फिरवली. खोळ चकचकीत झाली, लडी एकमेकींना चिकटल्या, आणि वस्तू लाकडाच्या चमच्यासारखी ताठ झाली. नायलॉन जातीप्रमाणे २२० ते २६० अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि सुती कपड्यांची इस्त्री २०० च्या आसपास जाते. वितळायच्या बरंच आधी ते मऊ पडतं.

एवढं सगळं करूनही आठवड्यात वास परत आला, तर शेवटचा आणि सगळ्यात कटकटीचा उपाय: वीण उसवा. वितळवलेली टोकं नेलकटरने कापा, दोरी मोकळी करा, एका टोकाची खोळ मागे सारून आतल्या लडी बघा. काळे ठिपके दिसले तर बुरशी आहे. बुरशी नायलॉन खात नाही. ती घाम, कातडीचा मळ, तेल आणि उरलेल्या साबणावर जगते. त्यामुळे मोकळी दोरी सोड्याच्या पाण्यातून काढून, लांब टांगून, खाली पाण्याची बाटली लटकवून वाळवली की वास जातो. ठिपक्यांचा डाग राहिला तरी ताकद तेवढ्याने जात नाही. वाळल्यावर परत विणा. टोकं लायटरने वितळवताना ती बोटाने दाबू नका, चमच्याच्या पाठीने दाबा. वितळलेलं नायलॉन कातडीला चिकटतं आणि चिकटलेलं असतानाही भाजत राहतं. विणायचा कंटाळा असेल तर विणणाऱ्याकडे द्या. किंग कोब्रा असेल तर मी स्पष्ट सांगतो, मुंबईत रोज वापरायला साधी कोब्रा वीण घ्या. जाड वीण पावसाळाभर वाळत नाही.

आता कुठे थांबायचं ते.

खोळ फाटून आतल्या लडी दिसत असतील, दोरी एखाद्या जागी पोचट लागत असेल किंवा तिथेच कडक असेल, तर धुण्याने काही होणार नाही. कीचेन असेल तर वापरा. कुत्र्याच्या पट्ट्याला तसं झालं असेल तर पट्टा बदला. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू मला म्हणाल्या होत्या, "अरे, एवढी लवच तर सुटलीय, तू जरा जाळून दे ना." मी नाही म्हटलं. त्यांचा लॅब्रॅडॉर ३० किलोचा आहे आणि गेटबाहेर वर्दळीचा लालबहादूर शास्त्री मार्ग आहे.

स्कूटरच्या डिकीत बॅटरीजवळ राहिलेली दोरी, किंवा जिच्यावर बाथरूमचं ॲसिड उडालंय अशी दोरी, सरळ टाकून द्या. किती नुकसान झालंय ते डोळ्याने कळत नाही आणि घरी तपासायचा भरवशाचा मार्ग नाही.

माणसाचा भार घेणारी पॅराकॉर्ड धुऊन पुन्हा वापरायची का, असं विचारणारे भेटतात. ती धुतलेली असो वा नवी, माणसाच्या भाराला वापरूच नका. २५० किलो हा आकडा सरळ, नव्या, स्थिर ताणलेल्या दोरीचा आहे. गाठ मारली की त्यातला मोठा हिस्सा जातो, ओली झाली की आणखी थोडा, आणि पडणाऱ्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कित्येक पट असतो. कड्यावर उतरायचंय तर गिर्यारोहण संस्थेच्या माणसांबरोबर, त्यांच्या दोरावर जा.

साचलेल्या पाण्यातून ओढत आणलेला कुत्र्याचा पट्टा हातमोजे घालून धुवा. त्या पाण्यात उंदराचं मूत्र असतं आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप, त्यातूनच येतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर या शहराने तो चांगलाच बघितला आहे. पायाला किंवा हाताला जखम असताना तुम्ही त्या पाण्यातून चालला असाल, तर पट्टा राहू द्या बाजूला. ताप यायची वाट न बघता ७२ तासांच्या आत डॉक्टर गाठा, पालिका दर पावसाळ्यात हेच सांगत असते.

मनगटावर खाज असेल तर ब्रेसलेट काढून ठेवा. आठवड्यात गेली नाही, किंवा कडा लाल होऊन गोल पसरायला लागली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. मेडिकलमधून आपल्या मनाने खाजेचं मलम आणू नका. त्यातल्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं, त्याने गजकर्ण आधी दबल्यासारखं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं.

घड्याळाचा पट्टा असेल आणि त्याची स्प्रिंगची पिन गंजली असेल, तर पिन उचकटायला सुरी घालू नका. कोपऱ्यावरचा घड्याळजी दोन मिनिटांत बदलून देतो.

काकूंनी नवा पट्टा घेतला, जुन्याच्या चांगल्या उरलेल्या दोरीतून मी त्यांच्या किल्ल्यांना लूप विणून दिलं. काल धुतलंय. कोरडं वजन १४ ग्रॅम, आज सकाळी काटा १६ दाखवत होता. अजून पंख्याखालीच आहे.